नऊ इंच

खुटवडांचा तिसरा कॉलम
आमच्यात उभा आहे.
रात्री पुन्हा मोजलं, मोबाइलच्या उजेडात.
बायको टेपचं टोक धरून जांभया देत होती.
नऊ इंच.
"वीतभर जागेसाठी..." ती म्हणाली,
आणि पुढचं बोलली नाही,
कारण सहकारनगरात आज वीत काय भावानं जाते
ते तिलाही ठाऊक आहे.

सकाळी खुटवड गेटवर भेटले.
कपाळाला अष्टगंध, हातात पेढ्यांचा पुडा.
"गुरुवारी स्लॅब टाकतोय, या."
मी म्हटलं, "कॉलम आत आलाय."
ते म्हणाले, "कुणाच्या?"
प्रश्न असा, की उत्तर देताना
आपणच चोर वाटावं.
मग म्हणाले, आर्किटेक्टशी बोला.
आर्किटेक्ट म्हणाला, साइट इंजिनिअर.
साइट इंजिनिअरनं मिस्त्रीकडं बोट केलं.
मिस्त्री म्हणाला,
"साहेब, दोरी जिथं दिली तिथं खड्डा मारला."
दोरी कुणी दिली
ते दोरीला विचारायचं.

मिक्सर सुरू झाला की तळजाईवरचे मोर गप्प होतात,
की ओरडतात आणि आम्हालाच ऐकू येत नाहीत?
वरणावर पोर्टलँडची साय धरते.
आणि दुपारी
सेडमहून आलेल्या बिगारी बाईची झोळी
एका टोकाला माझा शेवगा, दुसऱ्या टोकाला त्यांचा कॉलम,
मधे पोर झोपलेलं,
नेमकं वादाच्या जागेवर.
तिला "हे सोड इथून" म्हणायला गेलो
आणि "मुंग्या येतात हां खाली" असं काहीतरी बोलून
परत आलो.

अतितातडीची फी भरली,
दोन महिन्यांनी मोजणीवाला आला.
चहा घेतला नाही,
म्हणून वाटलं, माणूस खरा असावा.
नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले,
लाल रंगानं खुणा केल्या.
"खुटवड नऊ इंच आत. बरोबर आहे तुमचं."
मी बायकोकडं पाहिलं,
शतक ठोकल्यासारखं.
तो तसाच पूर्वेकडं चालत गेला.
खाली वाकून म्हणाला,
"आणि इकडं तुम्ही.
परचुऱ्यांच्यात. दीड फूट."

धुण्याचा दगड.
अण्णांनी ऐंशी साली बसवलेला,
आईच्या हातांनी मधे खोलगट झालेला.
पाऊस नसतानाही त्यात थोडं पाणी असतं,
चिमण्या येतात.

संध्याकाळी परचुरेबाईंकडं गेलो.
त्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलत होत्या.
"माहितीय की," म्हणाल्या,
"तुझे वडील दोरी लावत होते
तेव्हा मी इथंच तांदूळ निवडत बसले होते.
पुढं तुझ्या आईच्या धुण्याचं पाणी
माझ्या अळूला मिळत राहिलं."
मला बरं वाटायला लागलं होतं,
तेवढ्यात त्या म्हणाल्या,
"बोलायचं होतं रे.
पण ह्यांची तेव्हा नोकरी गेलेली,
आणि भांडायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं.
नंतर राहूनच गेलं."
सेल उलटा बसला होता.
मी सरळ करून दिला.

क्षेत्रीय कार्यालयात अर्ज लिहिला.
पश्चिमेकडून आत : नऊ इंच.
खाली, जरा बारीक अक्षरात,
पूर्वेकडं बाहेर : दीड फूट.
क्लार्कनं चष्मा कपाळावर सरकवला.
"हे दुसरं कुणाविरुद्ध?"
"माझ्याच."
त्यानं फॉर्म उलटा करून पाहिला,
शेजारच्या टेबलावर दाखवून आणला,
मग माझ्यापुढं ठेवत, जरा समजुतीनंच म्हणाला,
"काका, याला कॉलम नाही."

घरी आलो.
कॉलम होता.
डोक्यातून सळया बाहेर काढून,
वरच्या मजल्याच्या तयारीत.